खिडकीचा निळा रंग

कर्जतजवळच्या कडाव गावातल्या श्रीपतला कुठल्याही शहराचं नाव सांगा, तो तिथली हवा अशी काही सांगायचा की ऐकणाऱ्याला एक तर घाम फुटावा, नाही तर हुडहुडी भरावी. त्याचं सगळं तारुण्य रेल्वेच्या पुलांना रंग मारणाऱ्या टोळीत गेलेलं. कमरेला दोर बांधून नदीवर लोंबकळणारा माणूस तो. शहरातले बाजार नि बागा त्याला कुठून ठाऊक असणार? त्याला शहर कळायचं ते रंग वाळण्यावरून.

"दिल्लीला थंडीत रंग मारला," पारावर बसून तो सांगायचा, "तर सकाळी धुक्यानं रडतच असतो. कलकत्त्याला वाळतो, पण मनापासून नाय. मद्रासला आज लावा, उद्या अंगठ्याला घ्या. आनि नागपूर! अरं, ब्रश डब्यातनं काढून लोखंडाला टेकवेस्तोवर वाळला! त्याला म्हनायची हवा. जे हाय ते तोंडावर."

"मग आपलं कर्जत कसं?" कुणीतरी मुद्दाम काडी घालायचं.

"नागपूरची धाकटी बहीन. समुद्र ऱ्हायला तिकडं लांब, पाठीला डोंगर. आपली हवा कोरडीच."

आणि नेमकं इथंच पाणी मुरत होतं, बरं का.

त्याची बायको गंगाबाई रक्तदाबाच्या गोळ्या खाणारी. आदल्या उन्हाळ्यात ती मोरीत चक्कर येऊन पडली, तेव्हापासून थोरला लेक प्रबुद्ध बंगळूरहून फोन करून सांगत होता, "दादा, चैत्र-वैशाख आईला इकडं पाठवा." गंगाबाईचाही जीव तिकडंच. एकदा राहून आली होती ना! "भर दुपारी पदर घामाला लावावा लागला नाय बाई," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

श्रीपत नाक मुरडायचा. "बंगळूरची हवा म्हंजे आजाऱ्याची पेज. ना मीठ, ना तिखट. तुला हितंच गार करतो, बघशील तू."

दसऱ्याला गावची मंडळी दीक्षाभूमीला गेली, तेव्हा येताना ह्या गड्यानं नागपुरातनं एक जुना लोखंडी कूलर आणला. पेटाऱ्याएवढा. टेंपोतनं उतरवताना पुतणी दर्शना म्हणाली, "काका, काकू ह्याच्यासमोर बसणार की ह्याच्यातच?" सगळे हसले. गंगाबाई हसली नाही. त्या पेटाऱ्याकडं ती बघतच राहिली.

एप्रिल आला. जयंती तोंडावर, म्हणून श्रीपतनं सकाळीच खोलीच्या खिडकीच्या गजांना निळा रंग मारला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीची काच पुसली. मग बाहेर येऊन बघतो तर माथेरानचा डोंगर जागेवर नव्हता. रोज समोर उभा असणारा डोंगर कुणी ओल्या फडक्यानं पुसून टाकल्यासारखा. आभाळ पातळ ताकाच्या रंगाचं. आंब्याचं एक पान हलत नव्हतं. कोंबड्या बाजेखाली चोची उघड्या टाकून बसल्या होत्या, आणि कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

"आज कूलरचा मुहूर्त!" श्रीपत खुशीत म्हणाला. त्यानं पेटारा खोलीतच ठेवला, पाणी ओतलं, आणि बाहेरची झळ आत येऊ नये म्हणून खिडकीच्या झडपा नि दार गच्च लावून घेतलं. नागपूरला असाच कूलर खिडकीबाहेर टांगतात नि समोरचं दार सताड उघडं ठेवतात, हे त्यानं शंभरदा पाहिलं होतं. पण गार झालेली हवा फुकट जाऊ द्यायची, हे काही त्याच्या मनाला पटेना.

गंगाबाई कूलरसमोर आडवी झाली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "अवो, अंगावर ओली गोधडी टाकल्यागत वाटतंय. दार उघडा की."

"अगं, नागपूरला लोकं कूलरम्होरं खरीच गोधडी घेतात! नीज जरा."

"जीव गुदमरतोय माझा."

"सवय नाय तुला. होईल."

पुढं तिची कुरकूर थांबली. ती थांबली, याचा श्रीपतला आनंद झाला. पडवीत बसून त्यानं पान लावलं. आतून कूलरची घरघर तेवढी येत होती.

चहाच्या वेळेला तो आत गेला. खोलीला विहिरीच्या तळाचा वास येत होता. भिंतीला हात लावला तर भिंत ओली. उजेड यावा म्हणून झडपा ढकलायला त्यानं गजातनं हात घातला, आणि अंगठा गजाला चिकटला.

सकाळचा रंग. अजून ओला.

हा रंग नागपूरचा नव्हता. हा मद्रासचा रंग होता, त्याहूनही वाईट. श्रीपत निळ्या अंगठ्याकडं बघतच राहिला. पाठीमागून गंगाबाई हळूच म्हणाली, "प्रबुद्धाचं दप्तर वाळलं का?"

प्रबुद्धाला आता दोन पोरं होती. श्रीपतनं तिच्या कपाळाला हात लावला; कपाळ भाजत होतं.

"दर्शनाऽ! धाव गं!"

दोघांनी बाज उचलून आंब्याखाली आणली. दर्शनानं पाणी शिंपडलं, लुगडं सैल केलं. श्रीपत सुपानं वारा घालत सुटला. मग टेंपो, मग कर्जतचा दवाखाना. "आणखी थोडा वेळ आत राहिल्या असत्या तर..." डॉक्टर सलाईन जोडता जोडता म्हणाले. त्याच्या अंगठ्याचे निळे डाग गंगाबाईच्या कपाळावर, दंडावर, सगळीकडं उमटले होते.

गंगाबाई वाचली. घरी आल्यावर पहिलं वाक्य काय बोलली? "तुमचं नागपूर बाहेर काढा." कूलर अंगणात गेला, त्यात कोंबडी अंडी घालू लागली. पारावर कुणी शहरांच्या हवेचं विचारलं तर श्रीपत "कोंबडीला विचार रं," म्हणून उठायला लागला.

पण एक सवय त्याला लागली. रोज सकाळी दाराच्या चौकटीवर निळ्या रंगाचा एक फटकारा ओढायचा, दुपारी अंगठा टेकवून बघायचा. अंगठा कोरडा निघाला की गंगाबाईकडं बघून मान हलवायची.

यंदा होळीच्या आतच एका दुपारी अंगठा निळा निघाला. समोर डोंगर नव्हता. पान हलत नव्हतं.

"पिशवी भर गं," तो म्हणाला. "बंगळूरला जाऊ."

"तुमी बी? पेज चालंल?"

"चालंल. बिनमिठाची चालंल."

त्यानं लागलीच प्रबुद्धाला फोन लावला. पलीकडून लेक म्हणाला, "या दादा, जरूर या. पण येताना कर्जतहून एक पंखा घेऊन या. हितं एकाबी दुकानात शिल्लक नाय."