गोठ्यातली सुईण

येशूचा जन्म एकाच दुपारी अकरा वेळा पाहिलेला माणूस आहे मी. अकराही वेळा वर गुळाचा चहा प्यायलो आहे. तलासरीच्या आसपासच्या ख्रिस्ती पाड्यांत नाताळाच्या तोंडावर गोठ्यांची स्पर्धा लागते. येशूजन्माचा देखावा ज्या पाड्याचा सरस, त्याला ढाल. परीक्षक मी. मी नरपडचा बागायतदार, हिंदू, म्हणजे कुठल्याच पाड्याचा जावई नाही. शिवाय तीस वर्षं तलासरीत इतिहास शिकवला, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचं मी डोळ्यांनी पाहिलेलं असणार, असा तिथल्या फादरांचा समज. तो मी कधी खोडून काढला नाही.

परीक्षक झाल्यावर शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातली येशूची चरित्रं, मन लावून वाचली आणि सुरुवातीलाच अडकलो. शिरगणतीसाठी म्हणे योसेफ गरोदर बायकोला घेऊन मूळ गावी गेला. मी जनगणनेचं काम तीनदा केलंय. माणसं मूळ गावी बोलावून मोजतात होय? आम्ही मास्तर त्यांच्यामागे वीटभट्टीवर जातो, बोटीवर जातो, कुत्री चावून घेतो. मूळ गावी बोलवायचं म्हटलं असतं तर तलासरीत उभं राहायला जागा उरली नसती आणि वापी ओस पडलं असतं. अभ्यासकही इथे डोकं खाजवतात. एका शुभवर्तमानात जो राजा जिवंत आहे, तो मेल्यावर दहाएक वर्षांनी दुसऱ्यातली शिरगणती झाली, असं त्यांचं म्हणणं. पेपरात असं उत्तर आलं असतं तर मी दोन मार्क कापले असते. पण गोष्ट अशी गोड, की सुटेना.

बाळाला सोनं-धूप घेऊन येणाऱ्या तीन राजांचंही तेच. तीन होते असं लिहिलेलं नाही, राजे होते असंही नाही. पूर्वेकडून आलेले जाणते लोक, बहुधा इराणकडचे अग्निपूजक. हे मी आमच्या कुंपणापलीकडच्या इराणी शेजाऱ्याला सांगितलं, तर तो जराही न हसता म्हणाला, "मास्तर, आपलीच माणसं गेली असणार नी. त्या टाइमला चिकू असता, तर सोनं कशाला नेलं असतं?" मी ते एका पाड्यावर सांगितलं. तेव्हापासून त्यांच्या एका राजाच्या हातात चिकूची टोपली असते. चिकू अमेरिकेहून आला, हे मी तिथे बोललो नाही. टोपलीतले चिकू खरे असतात आणि निकालानंतर परीक्षकाला मिळतात.

गेल्या वर्षी मात्र कहर झाला. एका गोठ्यात जेसीबी उभा, दुसऱ्यात मेंढपाळ देवदूताबरोबर सेल्फी काढतायत. म्हणून यंदा समितीच्या चिटणिसानं नियमच छापून आणला: शुभवर्तमानात नाही ते गोठ्यात नाही. चिटणीस तिशीतला, वापीच्या कारखान्यात सुपरवायझर, गणवेशाइतकाच कडक.

यंदा गाडी लेकीनं चालवली. आशागड मागे पडलं की मी तिच्या जन्माची गोष्ट सुरू करतो. ती एकतीस वर्षांची आहे आणि गोष्ट तिला माझ्याहून जास्त पाठ आहे. भाड्याच्या जीपचे चारही टायर एकदम फुटले. स्टेपनी आपणहून निघून ओढ्यात गेली. मी तिच्या आईला उचलून तीन कोस धावलो, वाटेत बिबट्यानं सुद्धा बाजूला होऊन रस्ता दिला, आणि एका पाड्यावर, पेंढ्याच्या खोपटात, भर दुपारी लेक जन्मली.

"ह्यात आई कुठे येते?" लेकीनं गियर बदलत विचारलं.

"आहे की. मी उचललेली."

"आणि सुईण आजी?"

"ती येते की. शेवटी."

"शेवटी म्हणजे कधी, बाबा? दर वेळी तलासरीचा फाटा येतो, पण आजी काही येत नाही."

मी खिडकीची काच खाली घेतली. हवा छान होती.

अकरावा गोठा लेक जन्मली त्याच पाड्यावर. कुडाच्या भिंती, त्यावर तांदळाच्या पिठाची चित्रं, आत खरा पेंढा. मरियेच्या पायाशी गुडघे टेकून बसलेली एक मातीची म्हातारी, पदर खोचलेला, बाजूला ऊन पाण्याचं मडकं.

"ही कोण?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"आमची आजी," पाड्यातल्या बायका म्हणाल्या.

आजी म्हणजे त्या पाड्याची सुईण. आसपासच्या अर्ध्या लोकांनी जगात पहिल्यांदा जे हात पाहिले ते तिचे. आता ती नव्वदीला टेकलेली, एका डोळ्यानं अंधुक बघणारी, दोन महिने अंथरुणावर. बायकांनी तिच्या नकळत तिची मूर्ती घडवली होती. फादर आशीर्वादाला येतील तेव्हा तिला खुर्चीवर बसवून आणायचं, एकदा बघू दे, पुढचा नाताळ कोणी पाहिलाय, असं ठरलेलं.

चिटणिसानं यादी काढली. "ही शुभवर्तमानात नाही. काढावी लागेल, नाहीतर गोठा बाद."

"तुला पण तिनंच जगात आनला, इसरला का?" एक बाई कडाडली.

"नाही विसरलो, मावशी. पण नियमावर तुमच्या पाड्याचीही सही आहे."

मी मिशीत हसलो. अशा वेळी मला गप्प बसवत नाही. "चिटणीस, बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. "मग बैल आणि गाढव कुठे लिहिलेत ते दाखवा. उंट दाखवा. तीन हा आकडा दाखवा. आणि तो तारा गोठ्यावर नाही, घरावर थांबतो. ते जाणते पाहुणे घरात आले, गोठ्यात नव्हे. नियम लावायचा तर नीट लावा."

वाटलं, तो हात जोडेल. पण तो खरोखर प्रामाणिक माणूस निघाला. "सर, तुम्ही बरोबर बोलता," म्हणाला, आणि एकेक उचलायला लागला. बैल गेला, गाढव गेलं, उंट गेले, राजे गेले, तारा उतरला, आणि शेवटी मातीची आजीही उंटांच्या शेजारी जमिनीवर गेली. बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांची कोंबडी चोरली. तीस वर्षं वर्गात गाजवलेली हुशारी एका मिनिटात गोठा रिकामा करून बसली.

तेवढ्यात फादर आले, आणि मागून खुर्ची. चौघींनी उचललेली, वर घोंगडीत मूठभर आजी.

ती गोठ्याशी वाकली. त्या एका डोळ्यानं नीट दिसेना, म्हणून हात पुढे करून चाचपायला लागली. बाळ लागलं. आई लागली. मग हात इकडेतिकडे फिरला आणि थांबला.

"नाळ कोनी कापली?"

वारली जमातीतली म्हातारी कलेक्टरलाही 'तू' म्हणते, तिथे फादर कोण? "फादर, तुला इचारते. पोरगी पहिलटकरीन, परक्या गावात. कोनी कापली?"

"आजी, तसं काही लिहिलेलं नाही," फादर हळूच म्हणाले.

"लिवनारा बाप्या व्हता ना?"

"हो."

"मंग तो भायेर बसला असंल."

सगळा पाडा हसला. मी नाही. कारण एकतीस वर्षांपूर्वी बाहेर मी बसलो होतो, "गुरुजी, तू भायेर बस" हे तिनंच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून गोष्ट सांगतोय तीही मीच. टायर वाढवले, बिबट्या आणला. जिनं काम केलं तिलाच वाटेत सोडलं.

लेक माझ्याकडे बघत होती. मी घसा खाकरला.

"मी परीक्षक म्हणून नाही, साक्षीदार म्हणून सांगतो," मी म्हणालो. "टायर एकच फुटला होता. धावलो नाही. बायको आपल्या पायांनी चालली, मी पिशवी धरली होती. ही माझी लेक, हिच्या गळ्याला नाळेचे दोन वेढे होते. निळी पडली होती, रडत नव्हती. हे मी पाहिलं नाही. मी बाहेर चूल फुंकत होतो. मला फक्त तिचा टाहो ऐकू आला. तो ज्या बोटांनी ऐकवला, ती बोटं ही."

मग चिटणीस खाली वाकला. मातीची आजी उचलली, रुमालानं तिची धूळ पुसली आणि जिथली तिथे ठेवली.

"आणि नियम?" मी विचारलं.

"सुईण नव्हती, असंही कुठे लिहिलेलं नाही, सर."

फादर म्हणाले, चार शुभवर्तमानांबाहेरच्या एका जुन्या पोथीत सुईण आहे, पूर्वेकडच्या जुन्या चित्रांत बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बायकाही आहेत; हे ते सांगणारच होते. मी म्हटलं, फादर, जरा लवकर सांगायचं.

मातीची बाई म्हणजे आपणच, हे आजीला तोवर कळलं होतं. तिनं मूर्तीचा खांदा दोनदा चाचपला. मग हात योसेफला लागला. "हा कोन?"

"बाळाचा बाप."

"याचं काय काम व्हतं?" तिनं योसेफाला उचलून दाराबाहेर ठेवलं, मडकं त्याच्यापुढे सरकवलं. "पानी तापव."

उंट-राजेही मागोमाग परत आले, आणि बाकी पाड्यांचे होते तिथेच राहिले. मग लेक खुर्चीशी बसली आणि मान पुढे केली. आजीची बोटं तिच्या गळ्याभोवती फिरली, हलकेच, दोनदा, वेढे मोजल्यासारखी. "बरी हाय पोर," ती म्हणाली. मला त्या क्षणी कोणाचे आभार मानू आणि कोणाचे नको असं झालं. मी चिटणिसाचेही मानले.

ढाल त्या पाड्याला मिळाली नाही. योसेफ गोठ्याबाहेर, गुण कापावे लागले. आजी म्हणाली, ढालीत शिजवता येतं का? ढाल चिकूवाल्यांना गेली आणि चिकू आमच्या गाडीत आले.

परतताना लेक म्हणाली, "सांगा आता. नीट."

मी सांगितलं. एक टायर, एक पिशवी, एक चूल, आणि आजी पहिल्या वाक्यापासून. आशागड येईपर्यंत ती गप्प ऐकत होती.

"छान आहे," म्हणाली. "पण बाबा, टायर दोन तरी ठेवा."