दिवा हिरवा होईपर्यंत

"आधी हिच्यावर बघू."

एवढं म्हणून बाईसाहेबांनी माझं मनगट धरलं आणि हात जेवणाच्या टेबलावर ओढला, वांगं चिरायला घ्यावं तसा. मी पितळी भांडी घासत होते. हाताला चिंचेचा कोळ. तो त्यांनी माझ्याच ओढणीला पुसला, बाही कोपराच्या वर सरकवली आणि लेकीला दाखवलं.

"बघ गे तुळजा. हे रान जळालं तर तुझे चार केस ते काय."

तुळजा हसली. मीही हसले. बाकी सगळं पचवलं, हे नाही पचलं. मी हसले होते.

ते घर कुंभकोणमच्या जुन्या मराठ्यांचं. तंजावरच्या दरबाराशी नातं सांगणारं. रस्त्यावर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. आमच्याही घरात मराठीच. आमचे पूर्वज त्याच दरबारात पालखीला खांदा देत होते. पालखी गेली, खांदा राहिला. अप्पा भांड्यांच्या दुकानात समया घासतात. मी रोज सकाळी आडुतुरैहून बसने या घरी कामाला यायचे. तीन वर्षं. बाईसाहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, "ही आपल्यातलीच. मराठी बोलते." पण ह्या आपल्यातलीचा पेला वेगळा होता. न्हाणीच्या खिडकीत पालथा.

यंत्र त्याच सकाळी पार्सलने आलं होतं. पांढरं, मुठीत मावणारं, पुढे काचेची छोटी चौकोनी खिडकी. ती कातडीवर टेकवायची, बटण दाबायचं, आतून प्रकाशाचा झटका येतो आणि केस मुळातून जळतो. पार्लरला जायला नको. तुळजाचा निश्चयतांबूल, म्हणजे साखरपुडा, महिन्यावर आला होता. मुलगा बंगळुरूचा. लेकीच्या गोऱ्या कातडीला काही होऊ नये, म्हणून आधी माझी कातडी.

तुळजा सोबतची पुस्तिका वाचत होती. इंग्रजीत, मोठ्याने, मला कळणार नाही म्हणून. मी बारावी पास आहे. तीन वर्षांत कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पानावर सहा चौकोन छापलेले, दुधासारख्या गोऱ्यापासून काळ्यापर्यंत. शेवटच्या दोन चौकोनांवर फुली.

"अम्मा, काळ्या कातडीवर नको म्हणतात. भाजतं."

"म्हणून तर," बाईसाहेब म्हणाल्या. "हिला सोसलं तर तुला सोसेल. सगळ्यात वरच्या नंबरावर ठेव."

मी उठून जाऊ शकत होते. दार उघडं होतं. गेले नाही. नोकरीच्या भीतीने म्हणावं तर ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं सांगायला लाज वाटते, पण आज लाज बाजूला ठेवूनच बसले आहे. मलाही ते हवं होतं. शाळेत मला 'अस्वल' म्हणायचे. कुंभकोणमच्या उन्हाळ्यात मी पूर्ण बाह्या घालते त्या हौस म्हणून नाही. लहानपणी आईने कस्तुरी हळद आणि मुगाचं पीठ घासघासून माझे हात सोलून काढले, केस जावेत म्हणून, रंग उजळावा म्हणून. ना केस गेले ना रंग. मला वाटलं, श्रीमंतांचं यंत्र आहे, कोण जाणे.

आधी केस भादरायचे होते. टाकायला काढलेला रेझर, कोरडाच. तो बाईसाहेबांनी माझ्याच दुसऱ्या हातात दिला. "तूच कर गे. आम्हाला किळस येते."

केलं.

मग तुळजाने यंत्र टेकवलं. लाल दिवा लुकलुकला. बटण दाबलं, काही झालं नाही. सरकवलं, पुन्हा दाबलं. लाल. यंत्र आधी कातडीचा रंग तपासतं. पसंत पडला तर दिवा हिरवा होतो, नाही तर ते पेटतच नाही.

"बघितलंस, मशीनसुद्धा नको म्हणतंय हिला," बाईसाहेब म्हणाल्या आणि खळखळून हसल्या.

त्या वेळी ते शब्द सुरीसारखे लागले. आज वाटतं, त्या घरात माझी कातडी वाचवायला उभं राहिलेलं तेवढं एकच होतं, ते प्लास्टिकचं यंत्र. ते नाही म्हणालं. मी म्हणाले नाही.

बाईसाहेब आत गेल्या आणि तुळजाच्या निश्चयतांबूलासाठी आणलेलं फाउंडेशन घेऊन आल्या. गोरा, गुलबट रंग. बोटांनी माझ्या हातावर थापलं. भिंतीला चुना लावतात तसे एकावर एक दोन थर. माझा हात मलाच ओळखू येईना. वर माझं कोपर, खाली माझा चिंचेने काळा झालेला पंजा, आणि मधे एका गोऱ्या बाईचा हात.

दिवा हिरवा झाला.

पहिला झटका बसला आणि मी ओरडले नाही, कारण श्वासच आत अडकला. लाल सळई टेकवून उचलावी तसं. मग जळक्या केसांचा वास, त्यात फाउंडेशनचा गोड वास. मी हात ओढला. बाईसाहेबांनी दोन्ही हातांनी कोपर दाबलं आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

"हलू नकोस. एकाने काय कळतं?"

दुसरा. तिसरा. तिसऱ्याला मी किंचाळले. चौथ्याला तुळजा म्हणाली, "अम्मा, पुरे." बाईसाहेब म्हणाल्या, "अजून एक. अंगाला सवय होते." पाचवा. तुळजाने दाबला. ती रडवेली झाली होती, हे मी पाहिलं. पण बोट तिचंच होतं.

मला गोरी केली आणि मग जाळली. ह्याहून जास्त शब्द मला सापडत नाहीत.

नळाखाली हात धरला. फाउंडेशन धुतलं गेलं आणि खाली पाच चौकोन उठले, ओळीत. संध्याकाळपर्यंत पाण्याने भरले. आईने पाहिलं, हळद दाबली आणि पहिला शब्द काय काढला? "कुणाला दाखवू नकोस. तुझं जमायचंय अजून." सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशाने भाजलं. मी म्हणाले, इस्त्री. त्यांनी पाच चौकोन पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आणि दुसऱ्या दिवशी, पट्टी बांधून, मी कामावर गेले. हो, गेले. त्याच टेबलावर फडकं मारलं.

चार दिवसांनी बाईसाहेबांनी पट्टी सोडवून पाहिलं. कातडी निघाली होती. "अय्यो," त्या म्हणाल्या. एक जुनी रेशमी साडी आणून माझ्या मांडीवर टाकली आणि परत आपल्या हिशेबाला लागल्या. "नंबर फार वर होता. आणि तुझा रंगही फारच. खालच्या नंबरावर कुणीतरी उजळ हवं."

मला वाटलं विषय संपला.

रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते. बाहेर माझ्या बहिणीचा आवाज आला. सेल्वी, सोळा वर्षांची, अकरावीत. दिवाळीला भांडी उतरवायला माझ्याबरोबर आली होती, तेव्हा बाईसाहेबांनी तिचा फोन नंबर घेतला होता. परस्पर बोलावलं होतं. मला कळू न देता. माझ्या हाताचं तिला खरं ठाऊक नव्हतं, इस्त्रीच ठाऊक होती. तिच्या वरच्या ओठावर बारीक लव आहे. वर्गातली मुलं काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण मलाही तेच म्हणायची. बाईसाहेब फोनवर म्हणाल्या होत्या, "ये गे पोरी, मिशी घालवून देते." ती न्हाऊन, पावडर लावून, मधल्या बसने आली होती.

मी कॉफीचे पेले घेऊन बाहेर आले. सेल्वी त्याच टेबलाशी खुर्चीत बसलेली. मान मागे. डोळे मिटलेले. ओठावर पांढराफटक थर. तुळजा भिंतीला टेकून उभी, तिने ह्या वेळी यंत्र धरायला नकार दिला असावा. ते बाईसाहेबांच्या हातात होतं. लाल दिवा. त्यांनी फाउंडेशनचा दुसरा थर बोटावर घेतला.

सेल्वी हसत होती. डोळे मिटून, आनंदाने.

तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात. गेली. पेले माझ्या हातून पडले की मी टाकले, ते मला ठाऊक नाही. मी बाईसाहेबांच्या हातून यंत्र हिसकलं. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. दात गालात रुतला, तोंडात रक्त आलं.

"रांडे, तुला दाराशी उभं केलं हीच चूक. पालखीवाले ते पालखीवालेच."

मी त्यांचं मनगट धरलं. टेबलावर आपटलं. बांगड्या फुटल्या. कोपरावर माझा गुडघा ठेवला, सगळा भार दिला. त्यांनीच शिकवलं होतं कसं धरायचं. यंत्र त्यांच्या दंडावर दाबलं, सगळ्यात वरचा नंबर. दिवा क्षणात हिरवा झाला. काही फासावं लागलं नाही.

दाबलं. दाबलं. दाबलं. पाच वेळा. प्रत्येकाला त्या किंचाळल्या, सगळी गल्ली ऐकेल एवढ्या. मला ते किंचाळणं गोड लागलं. खोटं कशाला बोलू. गोड लागलं.

मग मी गुडघा काढला आणि पाहिलं.

काही नव्हतं. किंचित गुलाबी. फुंकर घातली असती तर गेलं असतं.

बाईसाहेबांनीही पाहिलं. आधी एक बाजू, मग दुसरी. श्वास जागेवर आला. आणि त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे, "पाहिलंस? मशीन चांगलं आहे. दोष तुझ्या कातडीत आहे."

मी यंत्र फोडणार होते. हात वर गेलाही होता. खाली आणला. फोडून काय? ते दुसरं मागवतील. मी त्यांच्याच हत्याराने त्यांना भाजायला गेले होते, आणि ते हत्यार त्यांच्यासाठीच बनवलेलं होतं. त्याने त्यांना कधीच भाजणार नव्हतं. इतकं साधं मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

टेबलावरची पुस्तिका उचलली. सहा चौकोनांचं पान. सेल्वीचा हात धरला. ती रडत होती, "अक्का, काय झालं, अक्का." मी बाही कोपराच्या वर गुंडाळली आणि पाच चौकोन तिच्या तोंडासमोर धरले. "ही इस्त्री नव्हती," मी म्हणाले. तिने ओठावरचा थर परकराच्या टोकाने पुसला. पुसता पुसता ओठ फुटेल एवढ्या जोराने पुसला.

महिला पोलीस स्टेशनपर्यंत आम्ही चालत गेलो. महामहम तळ्याच्या कडेने, भर रविवारी, माझा हात उघडा. लोक बघत होते. बघू दे.

इन्स्पेक्टरबाईंनी पुस्तिका उलटून पाहिली, हात पाहिला. दवाखान्यातला कागद मागवला. त्यावर डॉक्टरीणबाईंनी माझी इस्त्री लिहिली होती आणि खाली स्वतःचं मत लिहिलं होतं, की असे एकसारखे भाजल्याचे डाग इस्त्रीचे नसतात. तक्रार लिहायला सुरुवात झाली तोवर बाईसाहेबांचे दीर पोहोचले. वकील. हातात त्यांची उलटी तक्रार, मी घरात घुसून मारहाण केली म्हणून. ते बाकावर माझ्याजवळ बसले. मराठीत बोलले, हळू, बाकीच्यांना कळू नये म्हणून.

"पोरी, आपण एका दरबारातली माणसं. तीनशे वर्षं हे चव्हाट्यावर गेलं नाही. तू तुझी तक्रार मागे घे, आम्ही आमची घेतो. सेल्वीचं पुढचं शिक्षण आम्ही बघतो. आपलं आपल्यात मिटवू."

बाहेर आई उभी होती, कुणाच्या तरी निरोपाने आलेली, पदर तोंडात घालून. तिने मान हलवली. हो म्हण, हो म्हण.

आजवर माझं सगळं आपलं आपल्यातच मिटलं होतं. ह्याच भाषेत, ह्याच हळू आवाजात. मी उभी राहिले. तमिळमध्ये बोलले. हवालदारीण, इन्स्पेक्टर, बाहेर तिष्ठत बसलेल्या दोन बायका, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"दरबारात तुम्ही बसत होता. आम्ही बाहेर उभे होतो. आपलं असं काही नव्हतं."

मग इन्स्पेक्टरबाईंना सांगितलं, ह्यांची तक्रार खरी आहे. मी त्यांना धरलं. टेबलावर आपटलं, बांगड्या फोडल्या, पाच वेळा यंत्र दाबलं. लिहून घ्या. त्यांनी मला विचारलं, कळतंय ना काय बोलतेस, तुझ्यावरही केस होईल. म्हटलं, कळतंय.

दोन्ही केस चालू आहेत. तारखा पडतात. बाईसाहेब येत नाहीत, वकील येतात. मी प्रत्येक तारखेला जाते. दर वेळी व्हरांड्यात कुणीतरी तोच निरोप आणतं, तू सोड म्हणजे ते सोडतील. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. दोन स्थळं परत गेली.

मी सोडणार नाही. माझ्या गुन्ह्याची शिक्षा झाली तर मी भोगीन, एक दिवस कमी मागणार नाही. त्यांच्या गुन्ह्याची त्यांनी भोगायची. अदलाबदल होणार नाही.