पुनमची ओमा

हदगावच्या सिंधूला आपल्या लेकीत कुणी वाटेकरी असेल असं कधी वाटलं नव्हतं. पुनम एकुलती एक. नांदेडला नर्सिंग शिकली, मग जर्मन शिकली आणि ऑस्ट्रियात, आल्प्सच्या डोंगरातल्या एका गावात, वृद्धाश्रमात नोकरीला लागली. दोन वर्षांनी तिनं आईला बोलावून घेतलं. सोयाबीन काढणीला आलेलं, त्यामुळे नवरा शेषेराव घरीच राहिला आणि सिंधू एकटी विमानात बसली.

गाव चित्रातल्यासारखं होतं. लाकडी घरं, प्रत्येक खिडकीखाली लाल फुलं, मधोमध चर्चचा टोकदार मनोरा आणि चारी बाजूंनी इतके उंच डोंगर की आभाळ बघायला मान मागं टाकावी लागायची. थंडीत तिथं बर्फावर घसरायला लोक लांबून येतात, असं पुनमनं सांगितलं. पण सिंधूचं लक्ष गावाकडं नव्हतंच. ते पुनमच्या घरमालकिणीकडं होतं.

तिचं नाव बुर्गी. सत्तरी ओलांडलेली, उंच, ताठ बाई. नवरा गेला, मूलबाळ नाही. पूर्वी ती घरातच पाहुण्यांसाठी खोल्या चालवायची, आता वरची एक खोली तेवढी पुनमला दिलेली. दारात पाऊल टाकताच पुनम तिला बिलगली आणि म्हणाली, "ओमा!"

"तिला माँ म्हणतीस?" सिंधूनं खोलीत गेल्यावर विचारलं.

"माँ न्हाई गं. ओमा म्हणजे आजी. इकडं तसंच म्हणतेत."

आजी तर आजी, पण सिंधूला ते पचलं नाही. पुनम आता कॉफीत साखर घेत नव्हती, हे बुर्गीला ठाऊक होतं, आईला नव्हतं. दोघी स्वयंपाकघरात त्यांच्या भाषेत काहीबाही बोलून खदखदा हसायच्या आणि सिंधू आपली मधे बसून दोघींची तोंडं बघायची. त्यात तिनं लेकीसाठी आणलेली शेंगदाण्याची चटणी बुर्गीला इतकी आवडली की ती रोज पावाला लावून खायला लागली. चौथ्या दिवशी सिंधूनं बरणी कपड्यांच्या बॅगेत ठेवून दिली. पुनमनं विचारलं तेव्हा म्हणाली, "संपली." स्वतःचीच लाज वाटली, पण बरणी काही बाहेर काढली नाही.

त्या आठवड्यात गावात सण होता. उन्हाळाभर वरच्या कुरणात चरणाऱ्या गाई थंडीच्या आधी सजवून खाली आणतात. पुनमला ड्यूटी होती, म्हणून बुर्गीच सिंधूला रोपवेनं वर घेऊन गेली. पाळणा दरीवरून जाताना सिंधूनं भीतीनं तिचा हात धरला आणि वर पोचताच सोडला.

कुरणावर माणसं गाईंच्या शिंगांना फुलांचे मुकुट बांधत होती, गळ्यात घागरीएवढ्या घंटा अडकवत होती. थेट पोळा. सिंधूला आपली बैलजोडी आठवली. एका गाईच्या गळ्याखाली तिनं हात फिरवला तशी गाय डोळे मिटून उभी राहिली. बुर्गीनं हसून फोन काढला, त्या दोघींचा फोटो घेतला आणि दाखवायला म्हणून फोन सिंधूच्या हातात दिला. सिंधू बोटानं मागचे फोटो सरकवत गेली. एका फोटोपाशी बोट थांबलं.

दवाखान्यातली खाट. हाताला सलाईन, चेहरा वाळलेला. पुनम. खिडकीबाहेर बर्फ. शेजारी बुर्गी.

बुर्गीनं पोटावर हात ठेवला, बोटानं चिरल्याची खूण केली आणि काहीतरी समजावू लागली. सिंधूला शब्द कळले नाहीत, बाकी सगळं कळलं. गेल्या थंडीत बरेच दिवस पुनम फोनवर नुसत्या आवाजानं बोलायची. कॅमेरा बिघडलाय म्हणायची.

घंटा वाजवत गाई खाली निघाल्या, लोक टाळ्या वाजवत होते. सिंधू बुर्गीच्या मागं मागं चालत राहिली. एवढ्या मोठ्या दुखण्यात लेकीच्या उशाला ही बाई होती, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी जेवायला तिघी बसल्या तेव्हा तिनं ताट बाजूला सारलं. "पोटाचं ऑपरेशन झालं. मला कामून सांगितलं न्हाई?"

पुनमनं बुर्गीकडं पाहिलं. "अपेंडिक्स होतं आई. तू तिथून काय केली असतीस?"

"काही न्हाई. पण तू इथं खाटेवर पडून होतीस अन् मी तिकडं कापूस वेचत बायांसंगं हसून राहिले होते. तेवढं तरी हसले नसते."

"तुला सांगितलं असतं तर मलाच तुला धीर द्यावा लागला असता. तेवढी ताकद नव्हती माझ्यात."

हे खरं होतं, आणि म्हणूनच सिंधूला जास्त लागलं. बुर्गी दोघींकडं बघत होती. तिनं काही विचारलं, पुनमनं तुटक उत्तर दिलं. मग बुर्गी बराच वेळ बोलली. पुनमचा चेहरा पडला.

"काय म्हणून राहिली?"

"जाऊ दे आई."

"सांग."

"ती म्हणते, तू आल्यापासून मी तिच्याकडं एकदाही धड बसले न्हाई. रात्री तिच्यासंगं टीव्ही बघायचे, तेबी बंद झालं. म्हणते, तुझी आई चांगली बाई आहे, पण ती कधी परत जाईल याची मी वाट बघतेय."

सिंधूनं बुर्गीकडं पाहिलं. म्हातारीचे कान लाल झाले होते, नजर ताटात. आल्यापासून पहिल्यांदाच सिंधूला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं. तिनं ताट पुढं ओढलं.

"तिला म्हण, मीबी तिच्यावर लई जळते."

पुनमनं सांगितलं. बुर्गी आधी चपापली, मग हसली आणि सिंधूच्या ताटात बटाट्याचा मोठा डाव वाढला. सिंधूनं तो खाल्ला.

ती परतल्यावर जानेवारीत पुनम बर्फावरून घसरली आणि मनगट मोडलं. या वेळी दवाखान्यातून पहिला फोन हदगावला आला, तोही व्हिडिओ. फोन बुर्गीनं धरला होता. सिंधूनं प्लास्टर बघितलं, धीरानं दोन गोष्टी विचारल्या, रडली नाही. एवढ्यात पडद्यावर बुर्गीचा दुसरा हात आला आणि पुनमच्या कपाळावरचे केस मागं सारू लागला. सिंधूच्या छातीत तीच जुनी कळ उठली.

"पुनम," ती म्हणाली, "तिला सांग, भांग डाव्या बाजूनं पाड म्हणावं."