माझ्या पट्टीतली गिटार

ह्यांना जाऊन दीड महिना होत आला. पहाटे श्वास थांबला तेव्हा रडू आलं, पण त्याआधी हायसं वाटलं... दम्यानं माणसाची काय दशा केली होती ते मी पाहत होते, म्हणून हे लिहायला मला लाज वाटत नाही.

हे बेंबळीच्या शाळेत मास्तर. छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात आला तेव्हा हैदराबादला परतणाऱ्या एका साहेबानं सामान हलकं करताना आपली गिटार ह्यांच्या गळ्यात मारली. ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी नळी तारांवरून सरकवायची, एवढं उस्मानाबादच्या एका बँडवाल्यानं दाखवलं. बाकी सगळा ह्यांचाच कारभार.

मी तेव्हा गाणं सोडलं होतं. लग्नाआधी गात असे, पण विषमज्वरानं आवाज खाली बसला तो बसलाच. भजनात बायका पेटीच्या काळी चारमध्ये, उंच पट्टीत गायच्या; मी तिथवर चढायला गेले की आवाज फाटायचा, मागून कुणीतरी हसायचं. पुढं पुढं मी जात्यावरही तोंड उघडेना. एका दुपारी हे तारा ढिल्या करत बसले.

"तुला जमंल तिथं सा लाव," म्हणाले.

"तारा लई ढिल्या होतील."

"होऊ दे की. गळा ताणण्यापेक्षा तारा उतरवलेल्या बऱ्या."

माझ्या सा-ग-पवर त्यांनी सगळ्या तारा मिळवल्या. नळी न टेकवता नुसता हात फिरवला तरी माझा सूर घरभर व्हायचा. बँडवाला म्हणाला, "मास्तर, गिटार बुढ्ढी कर दी." हे हसले, पण तारा चढवल्या नाहीत.

तेर गावी नणंदेच्या घरी बारसं होतं. बायका जमल्या, पाळणा म्हणायची वेळ आली आणि ह्यांनी मोकळ्या तारा छेडल्या. मी गायले, खालच्याच आवाजात. संपल्यावर सासूबाई पाळण्यात डोकावून म्हणाल्या, "बरं झालं बाई, लेकरू झोपलं." त्या दिवशी माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

शेवटी शेवटी ह्यांना नळीही पेलेना. उजवा हात तेवढा तारांवरून फिरवायचे, मी गायची.

ते गेल्यावर गिटार लावणार कोण, याचीच मला धास्ती होती. परवा पाहिलं तर तारा पार उतरलेल्या. दार लोटून बसले, डोळे मिटून आधी माझा सा लावला आणि एकेक खुंटी पिळत तारा त्याच्यापाशी आणल्या. वेळ लागला... पण मिळाल्या. मग दार उघडलं आणि गायले.