हाइलच्या मेसमधला केर

हाइलला जाणार असाल तर हिवाळ्यात जा आणि स्वेटर घ्या. वाळवंट असलं तरी संध्याकाळी हुडहुडी भरते. मी गेलो तेव्हा इराक कुवेतमध्ये शिरलं होतं. दाभोळहून आईने फोनवर एकच धोशा लावला होता, "मामूला घेऊन ये."

मामू म्हणजे आईचा भाऊ, हाइलबाहेर स्वीडिश कंपनीच्या कॅम्पात आचारी. मी जेद्द्याच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, एका हॉटेलात इलेक्ट्रिशियन. कफीलकडून, म्हणजे मालकाकडून, सुट्टी आणि प्रवासाचा कागद घेतला आणि मदिनेमार्गे बस पकडली. रस्ता गुळगुळीत, थांब्यावर गरम खुब्ज रोटी आणि मसूरचं सूप, दोन्ही स्वस्त. समोरून लढाईला भिऊन निघालेल्यांच्या, टपावर गाद्या बांधलेल्या गाड्या येत होत्या. आमची बस मात्र रिकामी होत गेली. हाइलला मी एकटाच उतरलो.

कॅम्पात मामू सोडून कोणी नव्हतं. मेसमध्ये पाऊल टाकलं आणि दारातच थांबलो. खुर्च्या मागे सरकवलेल्या, कपांत वाळलेली कॉफी, फरशीवर धूळ आणि धुळीत दाराकडे गेलेले बुटांचे ठसे. मामू भिंतीला धरून, ठसे चुकवत चालत होते.

"मामू, झाडू तरी मारायचात!"

"माणूस बाहेर पडला की तो पोचेपर्यंत केर काढतात काय रे? आईने शिकवलं नाय?"

ऑगस्टमध्ये साहेब लोक भरल्या ताटावरून उठून गेले होते. पोचल्याची खबर नव्हती. त्यातल्या लार्ससाहेबांच्या गावचा फुटबॉल संघ तिकडच्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये खेळायचा. एप्रिलपासून साहेब आणि मामू मिळून रेडिओवर निकाल ऐकायचे. भाषा कळत नसूनही संघ तळाशी आलाय, हे मामूंना पाठ होतं. साहेब निघताना मामूंनी त्यांना मेसची तडा गेलेली पितळी घंटा दिली. साहेब म्हणाले होते, मोसमाच्या शेवटच्या सामन्याला रेडिओवाल्याशेजारी बसून वाजवीन, मग समज पोचलो.

तो सामना दुसऱ्या दिवशी होता. मामूंच्या एक्झिटची, म्हणजे देश सोडायच्या परवान्याची, मुदतही संपत आली होती.

"समज, घंटा नाय वाजली तर मी थांबणार. तू जा."

"तुमच्याशिवाय मी हलत नाही," मी म्हणालो. हट्टाला दोघंही दाभोळचेच.

सामन्याच्या संध्याकाळी रेडिओ लावला. खरखर, लाटेसारखा वरखाली होणारा आरडाओरडा. रिकाम्या खुर्च्याही कान देऊन बसल्यात असं वाटू लागलं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. मग आवाज आला: ठक्, ठक्. फुटक्या पितळेचा.

मामू ताडकन उठले. "आइकलीस? पोचला! खलास. यल्ला, झाडू आण."

मी ठसे पुसले जाताना पाहिले. सकाळी आम्ही निघालो.

दाभोळला मी मामीला ही घंटेची गोष्ट रंगवून सांगत होतो. मामू मध्येच म्हणाले, "मला काय पण आइकू आलं नव्हतं. तू हलत नव्हतास आणि लढाई डोक्यावर. म्हणून बोललो." मग हलकेच, "त्याच्या पाठी केर काढला मी."

घंटा मी ऐकली होती, दोनदा. हे मामूंना सांगायला तोंड उघडलं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

साहेबांची खबर कधीच आली नाही. संघाचं काय झालं, तेही कळलं नाही.

सुट्टी संपवून निघालो तेव्हा मामू झाडू काखेत धरून दारात उभे होते. मामी मागत होती, ते देत नव्हते. जेद्द्याला उतरताच घरी फोन केला.

"मामू, पोचलो."

पलीकडून उत्तराच्या आधी झाडूचा आवाज आला.