सात टाक्यांचं पान

कुठलेभाईला काहीही विचारा, आधी उलटा प्रश्न यायचा. चहा आला का? कुठल्या टपरीचा? साहेब आलेत का? कुठले साहेब? नाव घेतल्याशिवाय उत्तर नाही. दौंडचा मुसलमान माणूस, कुरकुंभला आमच्या केमिकल कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. मी तिथं टाक्या धुणाऱ्या गँगचा मुकादम. शाळा दुसरीपर्यंत, पण झाकणाशी नाक नेलं की टाकीत काय होतं ते सांगायचो.

पुढं कुठली टाकी धुऊन रिकामी आहे, ते कॉम्प्युटरच्या पानावर यायला लागलं. मला ते पटेना. कुठलेभाईनं खोलीत बसवून समजावलं. "आबा, मागं एकच मशीन हाय. त्यात आपलीबी पानं आन् सणसवाडीच्या प्लँटचीबी. पुढचं मशीन दारावरच्या माणसासारखं. तुम्ही कुठल्या प्लँटचं नाव घेऊन आलात ते त्यानं आत तसंच सांगायचं. सोताचंच नाव सांगितलं, तर मागचं मशीन पहिलं पान असंल ते काढून देतं."

"मग कळंलच की."

"न्हाई कळत. पान चांगलं दिसतं. आन् पुढचं मशीन त्याची नक्कल ठेवून दिवसभर सगळ्यांना तीच वाटतं. बंद पडलेल्या मशीनचं मला भ्या न्हाई, आबा. नीट चाललेल्याचं वाटतं."

रोज पहिल्या शिफ्टच्या आधी तो दोन्ही प्लँटची पानं, आमच्या सहा टाक्यांचं आणि सणसवाडीच्या सात टाक्यांचं, उघडून हाताने लिहिलेल्या यादीशी ताडून बघायचा. ऑफिसातला क्लार्क हसायचा, "भाई, मशीनवर विश्वास न्हाई व्हय?"

"मशीनवर हाय. त्यात नाव लिहिणाऱ्यावर न्हाई. तो मीच हाय."

आई आजारी म्हणून त्यानं दोन दिवस रजा घेतली. तेवढ्यात पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं पुढचं मशीन बदललं आणि प्लँटचं नाव आत सांगायची सोय करायला तो विसरला.

सकाळी पानावर तीन नंबरची टाकी रिकामी दिसली. खाली ओळी सात होत्या. आमच्या टाक्या सहा. मी मोजल्या होत्या. पण समोर तोच क्लार्क बसलेला, मला अंगठेबहाद्दर म्हणणारा. विचारलं नाही. पान आल्यापासून झाकणाशी नाक न्यायची गरज नाही, असं साहेबांनी सांगितलं होतं, आणि मी रुसून ते तंतोतंत पाळत होतो. माझ्या गँगचा दत्तू आत उतरला. आमची तीन नंबर धुतलेली नव्हती, आत केमिकलची वाफ कोंडलेली.

दोर लावून ओढला त्याला. जीव राहिला, डोळे गेले.

चौकशीत इंजिनिअरनं सगळं कुठलेभाईवर ढकललं. साहेबांनी मला एकच विचारलं, "मुकादम, पानात काही वेगळं दिसलं होतं?"

मी म्हणालो, "न्हाई."

मुकादमाला दिसलं नाही म्हणजे दोष मशीनचा, आणि मशीन कुठलेभाईचं. त्याला काढलं.

जाताना गेटवर भेटला. म्हणाला, "आबा, त्या पानावर सात ओळी होत्या."

"मला न्हाई दिसल्या."

मग म्हणाला, "दत्तूकडं जात जा अधनंमधनं." आणि दौंडच्या जीपमध्ये बसला. पुन्हा भेट नाही. वारल्याचंही मला उशिरा कळलं.

दत्तूकडे मी जातो. तो मला पावलावरून ओळखतो, बायकोला चहा टाकायला सांगतो. सात मोजल्या होत्या, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. इथं लिहिलंय. त्याला वाचता येत नाही.