जेवणानंतरची वीस मिनिटं

सिंगापुरातल्या वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसायचा. मूळचा माल्टा बेटावरचा. जेवताना तिकडचं सांगत राहायचा. होड्यांना वाट दिसावी म्हणून पुढच्या टोकावर डोळे रंगवतात. काही चर्चवर दोन घड्याळं असतात, त्यातलं एक सैतानाला फसवायला मुद्दाम चुकीचं. "खरं सांगतोय," म्हणत टेबलावर बोट आपटायचा. दुपारी तिथली दुकानं बंद असतात म्हणे. तोही जेवणानंतर वीस मिनिटं टेबलावर डोकं टेकून झोपायचा.

त्याची तक्रार मी केली. माझे वडील पुण्यात एक ते चार दुकान बंद करून झोपत, तरीही केली. मला बढती हवी होती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाई आल्या, इथल्या सवयीने वाक्याला 'लाह' जोडत. "झोपणं चालणार नाही लाह. तुझा इथे काम करायचा पास संपतोय, नव्याची शिफारस मलाच करायची आहे."

"मग करू नका," तो म्हणाला. "काम वेळेत होतं. जेवणाची सुट्टी माझी आहे."

बाई गेल्या. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"दीडला उठव. तुझं लक्ष असतंच."

आणि तो झोपला. दीड वाजला तेव्हा त्याच्या खांद्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. मी टेबलावर टकटक केलं.